जीमॅटचा स्कोअर कमी आलाय आणि तरी एमबीएला अप्लाय करायचंय? मग ह्या क्रमाने जा

जीमॅट, म्हणजे परदेशी बिझनेस स्कूल्सच्या एमबीए प्रवेशासाठीची परीक्षा, दिली, स्क्रीनवर स्कोअर दिसला, तो हवा तसा नाहीये, आणि तिथेच सगळं सोडून देणारे लोक मी बरेच बघितलेत. उलट बाजूला "स्कोअरचं काही नसतं हो, तुमची स्टोरी दमदार पाहिजे" असं सांगणारे पण भरपूर. दोघांचंही ऐकू नका. स्कोअरने फरक पडतो, फक्त तो नेमका कुठे पडतो हे कळलं की पुढचं काम बऱ्यापैकी सरळ होतं. मी स्वतः कमी स्कोअर घेऊनच ह्या सगळ्या भानगडीतून गेलेय, तेव्हा कोणीतरी हे एका जागी लिहून ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय. मोठं आहे, सावकाश वाचा.

1. कमी म्हणजे नक्की किती कमी, ते आधी बघा

हसू नका, पण कित्येकांचा स्कोअर त्यांना वाटतो तेवढा कमी नसतोच. जीमॅट नोव्हेंबर 2023 मध्ये बदलली आणि जुना प्रकार जानेवारी 2024 अखेर बंद झाला. आता स्कोअर 205 ते 805 मध्ये असतो आणि शेवटचा आकडा कायम 5. जुन्या परीक्षेतला 700 म्हणजे नव्यातला साधारण 645. आता होतं काय, की स्कूलच्या क्लास प्रोफाइलमध्ये (आत घेतलेल्या बॅचची आकडेवारी) कुठेतरी जुन्या स्केलचा आकडा लिहिलेला असतो, आपण आपला नवा स्कोअर त्याच्याशेजारी ठेवतो आणि रात्रभर झोप नाही. आधी बघा की तो आकडा कुठल्या परीक्षेचा आहे. मग परसेंटाइलला परसेंटाइल लावून बघा, स्कोअरला स्कोअर नाही.

दुसरं म्हणजे नुसता अॅव्हरेज बघू नका. बरीच स्कूल्स मधल्या 80 टक्के मुलांची रेंज देतात, तुम्ही त्या रेंजच्या खालच्या टोकाला आहात की पार बाहेर, हा खरा प्रश्न. रेंजमध्ये असाल तर तुमची केस "कमी स्कोअर"ची नाहीच, ती "बाकीचं अॅप्लिकेशन नीट लिहा"ची केस आहे. आणि रेंज 80 टक्क्यांची आहे म्हणजे दहा टक्के लोक त्याच्याही खालून आत गेलेत, हेही लक्षात असू द्या. ते कसे गेले असतील, त्याचाच हा लेख आहे.

तिसरं, टोटल सोडा आणि सेक्शन बघा. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरून माहिती काढणं), तिन्ही 60 ते 90 मध्ये मोजतात आणि टोटलमध्ये तिघांना सारखं वजन आहे. टोटल सेम असली तरी क्वांट पडलेला माणूस आणि व्हर्बल पडलेला माणूस, दोघांचे प्रॉब्लेम वेगळे, उपाय पण वेगळे.

2. स्कूलला तुमच्या स्कोअरमधून काय विचारायचं असतं

अॅडमिशन कमिटीच्या डोक्यात दोन गोष्टी असतात. पहिली, हा माणूस पहिल्या टर्मचे कोअर कोर्सेस, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, हे झेपवेल का? दुसरी, ह्याला घेतलं तर आमचा अॅव्हरेज किती खाली येईल? कारण अमेरिकेतल्या यू. एस. न्यूज सारख्या रँकिंगमध्ये टेस्ट स्कोअर मोजला जातो.

दुसऱ्या गोष्टीवर तुमचा काही कंट्रोल नाही. पहिल्यावर पूर्ण आहे. पुढच्या सगळ्या स्टेप्स "झेपवेल का" ह्या एका प्रश्नाला उत्तर म्हणूनच बघा. लोक काय करतात, तर स्कोअर कमी आहे म्हणून लीडरशिपच्या गोष्टी वाढवतात, सोशल वर्क जोडतात, एसे (अर्जातले निबंध) भावुक करतात. अहो, त्यांनी विचारलंय गणित येतं का, तुम्ही सांगताय मी माणूस चांगला आहे!

3. परत द्यायची का, ते ठरवा (आणि खरंच ठरवा)

इथे बरेच जण महिनोन्‌महिने लटकून राहतात. माझा हिशोब साधा आहे. ऑफिशियल मॉक्समध्ये (सराव परीक्षांमध्ये) तुम्हाला जे येत होतं त्याच्यापेक्षा खऱ्या परीक्षेत बरंच खाली आलं असेल, तर परत द्या, कारण क्षमता आहे आणि दिवस वाईट गेला. मॉक्समध्ये पण तेवढंच येत होतं, तर तसंच परत जाऊन बसण्यात अर्थ नाही, आधी अभ्यासाची पद्धत बदला किंवा चौथी स्टेप बघा. आणि मॉक्स दिलेच नव्हते, तर एमबीए डॉट कॉमवर जीमॅटचे दोन ऑफिशियल मॉक्स फुकट मिळतात, आधी ते घड्याळ लावून द्या आणि मग बोला.

नियम: दोन अटेम्प्टमध्ये किमान 16 दिवस, आणि 12 महिन्यांत जास्तीत जास्त पाच. आताच्या पद्धतीत स्कोअर बघितल्यावर कुठल्या स्कूलला पाठवायचा ते तुम्ही ठरवता, आणि जो पाठवला नाही तो स्कूलला दिसत नाही. त्यामुळे "परत दिली आणि अजून कमी आला तर?" ही भीती डोक्यातून काढून टाका. स्कोअर पाच वर्षं चालतो.

रीटेकला बसताना दोन-तीन गोष्टी:

- स्कोअर रिपोर्टमध्ये कुठल्या टाइपचे प्रश्न चुकले आणि वेळ कुठे गेला ते दिसतं. नवीन पुस्तक घ्यायच्या आधी ते वाचा. चुकांची एक वही ठेवा, आणि "सिली मिस्टेक" असं त्यात लिहायचं नाही, नेमकं काय झालं ते लिहायचं.
- डेटा इनसाइट्सला सावत्र वागणूक देऊ नका. जुन्या परीक्षेत तसा सेक्शन टोटलमध्ये धरत नव्हते, त्या काळच्या सल्ल्यांवर जाऊन लोक अजून त्याला हलक्यात घेतात. आता तो एक तृतीयांश आहे. 45 मिनिटांत 20 प्रश्न, एका प्रश्नात दोन-तीन भाग असले आणि एक भाग चुकला तर पूर्ण प्रश्न गेला. कॅल्क्युलेटर मात्र फक्त ह्याच सेक्शनला मिळतो.
- सेक्शनचा क्रम तुम्ही निवडू शकता. प्रत्येक सेक्शनच्या शेवटी, वेळ उरला तर, तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. वेळच उरत नसेल तर ही सोय काही कामाची नाही, म्हणून एकाच प्रश्नाला चिकटून बसायची सवय आधी मोडा. शेवटचे प्रश्न सोडून देऊ नका, तुक्का मारा पण पूर्ण करा, अर्धवट सोडल्याचा दंड असतो.

एक लिमिट मात्र घाला. स्कोअर थोडाफार वर जाईल ह्या आशेवर एसे, रेकमेंडेशन (शिफारसपत्रं) सगळं थांबवून ठेवणं ही सगळ्यात महाग चूक आहे. अभ्यास आणि अॅप्लिकेशन शेजारी-शेजारी चालू द्या.

4. परीक्षाच बदलता येते का बघा

क्वांटमध्ये तुम्ही ठीक आहात पण जीमॅटच्या डेटा इनसाइट्सने मारलंय, किंवा शब्दसंग्रह चांगला आहे, तर जीआरई, म्हणजे एमबीएसाठी चालणारी दुसरी प्रवेश परीक्षा, देऊन बघा. बहुतेक सगळी मोठी स्कूल्स दोन्ही घेतात आणि त्यांच्यात भेदभाव करत नाहीत असं स्वतःच लिहितात. सप्टेंबर 2023 पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते, व्हर्बल आणि क्वांट प्रत्येकी 130 ते 170, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. इथेही कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते तुमच्या हातात. दोन ऑफिशियल मॉक्स फुकट आहेत. एक जीमॅटचा मॉक, एक जीआरईचा, वेगवेगळ्या आठवड्यात द्या, परसेंटाइल शेजारी ठेवा, उत्तर समोर येईल.

अनुभव जास्त असेल तर एक्झिक्युटिव्ह असेसमेंट म्हणून 90 मिनिटांची परीक्षा आहे, मुळात एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी काढलेली, पण कोलंबिया, स्टर्न (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं बिझनेस स्कूल) अशा काही स्कूल्सनी ती फुल टाइमला पण चालवून घेतलीये. स्टर्न तर लॉ आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांचे स्कोअर पण बघतं.

मग वेव्हर. 2020 नंतर खूप स्कूल्सनी टेस्ट माफ करायची सोय काढली, काहींनी ठेवली, काहींनी परत बंद केली, म्हणून त्या वर्षीचं स्कूलचं स्वतःचं पान वाचा, मित्राच्या मित्राला तीन वर्षांपूर्वी मिळाला होता ह्याला काही अर्थ नाही. वेव्हर मागताना साधारण हेच दाखवावं लागतं की आकड्यांचं काम येतं, म्हणजे डिग्रीतले विषय, सीएफए-सीए सारखं काही, नोकरीतलं अॅनालिटिकल काम. सापळा: वेव्हर मिळाला म्हणजे प्रश्न गेला असं समजू नका, प्रश्न तोच राहतो, फक्त आता उत्तर पूर्णपणे ट्रान्सक्रिप्ट आणि कामावर येऊन पडतं. आणि काही स्कूल्समध्ये मेरिट स्कॉलरशिपला स्कोअर लागतो किंवा त्याचा मोठा हात असतो, ते आधी विचारून घ्या.

5. पुरावा तयार करा

ही खरी स्टेप. बाकी सगळं हिच्याभोवती फिरतं.

*क्वांट कमी असेल तर:* ट्रान्सक्रिप्ट काढा आणि गणिताकडे झुकणारे सगळे विषय शोधा, कॅल्क्युलस, स्टॅट्स, इकॉनोमेट्रिक्स, अकाउंटिंग, अगदी ऑपरेशन्स रिसर्च. मार्क्स चांगले आहेत? मग तुमची अर्धी लढाई झालीये, फक्त ते कमिटीच्या नजरेस पडेल असं ठेवायचं. मार्क्स पण वाईट आहेत किंवा असे विषयच नव्हते? मग एखादा ग्रेड मिळणारा कोर्स करा. ग्रेड मिळणारा, हे महत्त्वाचं. व्हिडिओ बघून शेवटी सर्टिफिकेट मिळतं त्याचं वजन फार कमी, परीक्षा घेऊन ग्रेड देणारा कोर्स वेगळाच दिसतो. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा कोअर नावाचा प्रोग्राम आहे, बिझनेस अॅनालिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि फायनान्शियल अकाउंटिंग असे तीन विषय. बर्कली आणि यूसीएलए एक्स्टेंशनचे (त्या युनिव्हर्सिटींचे बाहेरच्यांसाठीचे विभाग) स्टॅट्स-कॅल्क्युलसचे ऑनलाइन कोर्स लोक ह्याचसाठी घेतात. तुमच्या जवळच्या युनिव्हर्सिटीत एखादा पेपर बाहेरून देता आला तर तोही चालतो. एकच करा पण वरचा ग्रेड आणा. चार कोर्स आणि चारही मध्यम, म्हणजे तुम्हीच उलटा पुरावा दिलात.

मग नोकरी. फोरकास्टिंग, प्रायसिंग, बजेट, डेटाबेस, कोड, काहीही जिथे आकड्यावरून निर्णय घेतला. ते रेझ्युमेच्या वरच्या भागात आणा. "टीमसोबत अॅनालिसिस केलं" असं नाही, तर काय मॉडेल बनवलं, कोणी वापरलं, त्याने काय बदललं. नोकरीत असं काम नसेल तर बॉसकडे मागा, अप्लाय करायला वेळ असेल तर एवढ्या काळात एखादा असा प्रोजेक्ट अंगावर घेता येतो.

*व्हर्बल कमी असेल तर:* हे लोक जरा निवांत असतात कारण सगळी चर्चा क्वांटची असते. पण क्लासमध्ये केसवर (कंपनीच्या खऱ्या उदाहरणावर) बोलायचं असतं, त्यामुळे कमिटीला शंका येतेच. इथे पुरावा म्हणजे एसेची भाषा स्वच्छ, इंटरव्ह्यू सहज, इंग्रजीच्या परीक्षेत, लागत असेल तर, चांगला स्कोअर. केलॉग, येल, इनसीड अशा स्कूल्समध्ये व्हिडिओवर उत्तरं द्यायची असतात, तुमच्यासाठी ती संधी आहे. पाठ करून बोलू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. सापळा: एसे कोणाकडून तरी इतका गुळगुळीत करून घेतात की व्हिडिओतला माणूस आणि एसेतला माणूस वेगळे वाटायला लागतात. मग कमी व्हर्बल स्कोअरच खरा मानला जातो.

6. स्कूलची यादी

थोडक्यात सांगते. तुमचा स्कोअर मधल्या रेंजच्या बाहेर आहे अशी एक-दोन, रेंजच्या खालच्या टोकाला आहे अशी दोन-तीन, आणि मधोमध किंवा वर आहे अशी एक-दोन. शेवटच्या गटातलं स्कूल असं निवडा जिथे खरंच जाल, नाहीतर फी फुकट. तुम्ही ज्या गटातून येता तिथून अर्ज भरपूर येत असतील (आयटी, इंजिनियरिंग, कन्सल्टिंग) तर अॅव्हरेजच्या जरा वरचाच स्कोअर लागतो असं धरून चाला, कारण तुमच्यासारखा रेझ्युमे आणि जास्त स्कोअर असलेला माणूस त्याच ढिगाऱ्यात आहे.

अजून एक, कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्येच जायचं असेल तर काही कंपन्या नंतर प्लेसमेंटच्या वेळी पण स्कोअर विचारतात. तिथे रीटेकचा विचार अॅडमिशनपुरता करू नका.

7. ऑप्शनल एसे: लिहायचा का, आणि कसा

अर्जात जास्तीचं काही स्पष्ट करायला एक ऐच्छिक जागा असते, तो हा एसे. स्कोअर रेंजमध्ये असेल तर लिहू नका. उगाच "माझा स्कोअर कमी आहे" असं त्यांच्या लक्षात कशाला आणून द्यायचं! रेंजच्या बाहेर असेल किंवा एक सेक्शन ठळकपणे पडलेला असेल तर लिहा, पण पाच-सहा वाक्यं.

लोक लिहितात ते साधारण असं: "मी लहानपणापासून मेहनती आहे, परीक्षेच्या काळात ऑफिसचं प्रेशर होतं, मला वेळ लावून दिलेल्या परीक्षा जमत नाहीत, माझी खरी क्षमता ह्या स्कोअरमध्ये दिसत नाही, कृपया विचार करावा." वाचणाऱ्याला ह्यातून एकच नवीन गोष्ट कळते, की एमबीएतल्या वेळ लावून घेतलेल्या परीक्षा पण ह्याला जमणार नाहीत.

त्याऐवजी: "माझा क्वांटचा स्कोअर तुमच्या नेहमीच्या रेंजच्या खाली आहे. डिग्रीत स्टॅटिस्टिक्सच्या दोन पेपरमध्ये मला वरची ग्रेड होती. सध्याच्या कामात मी मागणीचा अंदाज बांधणारं मॉडेल सांभाळते आणि खरेदीचं बजेट त्यावरून ठरतं. ह्या वर्षी फायनान्शियल अकाउंटिंगचा ग्रेडेड कोर्स पूर्ण केला, निकाल सोबत जोडलाय." बस. माफी नाही, कारण नाही, पुरावा आहे. खरंच मोठं कारण असेल, आजारपण, घरातला मृत्यू, तर ते एका वाक्यात सांगा आणि लगेच पुराव्यावर या. मेन एसेमध्ये मात्र स्कोअरचा उल्लेख सुद्धा नको, ती जागा वेगळ्या कामाची आहे.

8. रेकमेंडर

रेकमेंडर म्हणजे तुमचं शिफारसपत्र लिहिणारा. तुमच्याबद्दल "हुशार आहे, मेहनती आहे" लिहिणारा मोठ्या हुद्द्यावरचा माणूस नको, तुमचं आकड्यांचं काम जवळून बघितलेला बॉस पाहिजे, मग तो मॅनेजर लेव्हलचा का असेना. बऱ्याच स्कूल्समध्ये प्रश्न सारखेच असतात: बरोबरीच्या लोकांशी तुलना करता हा माणूस कसा, आणि ह्याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा फीडबॅक कोणता. रेकमेंडरला तुमचा स्कोअर स्पष्ट सांगा आणि म्हणा, "सर, त्या मॉडेलच्या कामाबद्दल एक उदाहरण लिहाल का?" लाजू नका. एका पानावर तुमच्या प्रोजेक्ट्सची यादी त्यांना द्या. सापळा: "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणणारे साहेब. ते चालत नाही, स्कूल्सचा नियमच आहे तसा, आणि एसे आणि रेकमेंडेशनची भाषा जुळली की पकडलं जातं. सरळ दुसरा माणूस शोधा.

9. काय काय गोळा करायचं

- सगळ्या वर्षांचे मार्कशीट किंवा ट्रान्सक्रिप्ट, डिग्री सर्टिफिकेट. युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ लागतो, सगळ्यात आधी हे सुरू करा.
- मार्कांची पद्धत आहे तशीच भरा. टक्क्यांचं स्वतःच चारच्या स्केलवर रूपांतर करू नका, स्कूलने स्वतः तसं सांगितलं नसेल तर.
- जीमॅट किंवा जीआरईचा स्कोअर. बहुतेक ठिकाणी फॉर्ममध्ये स्वतः भरलेला स्कोअर आधी चालतो आणि ऑफिशियल रिपोर्ट नंतर मागतात, पण प्रत्येक स्कूलचं बघा.
- इंग्रजीची परीक्षा. डिग्री इंग्रजीतून झाली असेल तर कधीकधी माफ असते, मग त्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र.
- एका पानाचा रेझ्युमे, रेकमेंडरचे ऑफिशियल ईमेल, पासपोर्ट.
- जादा कोर्सचं ग्रेडशीट.
- एक एक्सेल: स्कूल, राउंड (अर्ज घेण्याची फेरी), डेडलाइन कुठल्या टाइम झोनची, कुठला एसे किती शब्दांचा. टाइम झोनवरून गोंधळ झालेले लोक कमी नाहीत.

अॅडमिशन मिळाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं. हुद्दा, पगार, तारखा, एक आकडा पण फुगवू नका. आणि "स्कोअर कमी असला तरी अॅडमिशनची गॅरंटी" म्हणणारा कन्सल्टंट दिसला की उठून या, अशी गॅरंटी कोणी देऊच शकत नाही.

10. कुठल्या राउंडला, आणि सबमिट केल्यावर काय

साधारण पहिला राउंड सप्टेंबर-ऑक्टोबर, दुसरा जानेवारी, तिसरा मार्च-एप्रिल. "पहिल्या राउंडलाच टाका" हा सल्ला तयार माणसासाठी आहे. ग्रेड यायचा बाकी आहे किंवा रीटेक पुढच्या महिन्यात आहे, तर दुसरा राउंड बरा. तिसऱ्यात जागा कमी उरलेल्या असतात, परदेशी मुलांना व्हिसाला वेळ पण पुरत नाही, कमी स्कोअर असेल तर मी तरी तिथे जाणार नाही.

इंटरव्ह्यूला बोलावलं म्हणजे कागदावर तुम्ही त्यांना पटलाय. तिथे स्कोअर निघालाच तर ऑप्शनल एसेतलंच दोन वाक्यांत सांगा आणि पुढे जा. तुम्ही स्वतःहून काढू नका.

वेटलिस्ट आली तर ती कमी स्कोअरवाल्यांसाठी वाईट बातमी नाही, कारण तुमच्याकडे बदलता येईल असं काहीतरी आहे. नवीन अपडेट घेतात का ते त्या मेलमध्ये नीट वाचा. घेत असतील तर नवीन स्कोअर किंवा नवीन ग्रेड एवढं ठोस अपडेट दुसरं नाही, "मला तुमचं स्कूल फार आवडतं" अशी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने असतात. म्हणून जमलं तर सबमिट केल्यावर लगेच रीटेकची तारीख घेऊन ठेवा, वेटलिस्टची वाट बघत बसलात तर 16 दिवसांची गॅप आणि सेंटरची तारीख ह्यातच वेळ जातो.

आणि नाहीच झालं तर पुढच्या वर्षी परत अप्लाय करणाऱ्यांना बहुतेक स्कूल्स विचारतात की मधल्या काळात काय बदललं. तेव्हा आजच एक फोल्डर करून ठेवा, त्यात पाठवलेले एसे, रेझ्युमे, स्कोअर रिपोर्ट, सगळं जसंच्या तसं. तेच स्कूल परत करायचं असेल तर ह्यातलं किमान एक, म्हणजे स्कोअर, ग्रेड किंवा कामाची जबाबदारी, कागदावर बदललेलं दिसलं पाहिजे.